कोकिळा अक्काची डाळ

गल्लीत कुणी गेलं की कोकिळा अक्का डाळ शिजायला टाकायची.

रडण्याचा पहिला आवाज यायचा. बायका डोक्यावरून पदर घेत तिकडे धावायच्या. पुरुष खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर पडायचे. कुणी बांबू आणायला जायचं, कुणी पाहुण्यांना फोन करत बसायचं. अक्का मात्र उलटी घरात वळायची. सालीची काळी उडीद डाळ धुऊन पातेल्यात चढवायची. लसणाचे अख्खे गड्डे सालीसकट जाळावर धरायची. साल काळी पडून चुरचुरायची. मग खोबऱ्याची वाटी, मग कांदा, मग लाल मिरच्या. सगळं पाट्यावर वाटायची. त्या जळक्या लसणाचा वास गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ज्यांना रडणं ऐकू आलं नसेल, त्यांनाही त्या वासाने कळायचं.

ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मयत पोचवून, अंघोळी करून माणसं परततात तेव्हा शेजारच्या घरातून भाकरी आलेली असते. रीत सगळीकडे आहे. जळगावातल्या डाळ मिलच्या मागच्या या गल्लीत ती अक्काच्या नावावर होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. फडक्याने धरलेलं पातेलं आणि डोक्यावर भाकरींची टोपली घेऊन ती यायची. जे माणूस नको म्हणायचं, त्याच्याच समोर बसायची.

"खाई ले माय," म्हणायची. "तुले आज काही करनं नही शे. फक्त खाई ले."

आणि माणसं खायची. रडत रडत खायची. डाळ चांगली असायची, हीच अडचण होती. इतकी चांगली, की बाप गेलेला पोरगा दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा आणि मग त्या वाटीकडेच बघत राहायचा.

एरवी शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. मूठभर दाणे, चार बोरं, गुळाचा खडा, काहीतरी घालून देतात. अक्काचं पातेलं मात्र घासूनपुसून रिकामंच यायचं. त्यात काही घालायला कुणाचा हात धजला नाही.

लोक तिच्या डाळीला भ्यायचे. लग्नघरी तिला मांडे टाकायला बोलवायचे, कारण खापरावर तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. पण डाळीच्या चुलीकडे ती वळली की घरातली कुणीतरी मोठी बाई हसून म्हणायची, "अक्का, तू इकडेच बस ना." अक्का बसायची. पंडित रिक्षावाला एकदा चारचौघांत बोलून गेला, "आई गेली त्या दिवशी खाल्ली होती. तशी डाळ परत कुठे मिळाली नाही, आणि मिळूही नये."

हसायचे ते एकटे उखर्डू नाना. गल्लीतले सगळ्यात म्हातारे. काठी टेकत जाताना अक्काच्या दारात थांबायचे आणि म्हणायचे, "अक्का, मन्ही डाय कवय टाकशी? लसून जरा जास्त टाकजो. खावाले भेटाव नही, पन वास तरी ई."

"नाना, शंभर वरीस जगा," अक्का म्हणायची.

"म्हंजे शंभर वरीस तुन्ही डाय नही. हाई कसानं जगनं?"

*

धुळ्याकडची भाविका लग्न होऊन आली तेव्हा तिला हे सगळं विचित्र वाटलं. सासू घरात भाजी करायची, पिठलं करायची, थंडीत भरताची वांगी भाजायची, सगळं करायची. उडदाची डाळ मात्र घरच्यांसाठी कधीच नाही. डाळीचा डबा वेगळ्या फळीवर असायचा. भाविकाने तो एकदा खाली घेतला तर अक्काने न बोलता तिच्या हातातून काढून परत वर ठेवला.

"आई, तुम्ही का करता हे? दर वेळी तुम्हीच का?"

"कुनी तरी कराले पायजे ना."

यापुढे काही मिळालं नाही. बाकीचं भाविकाला नवऱ्याकडून कळलं, तेही अर्धंमुर्धं. समाधानच्या आधी एक मुलगी होती. बेबी. तो तीन वर्षांचा असताना ती गेली. त्याला तिचा चेहरा आठवत नव्हता. फोटो नव्हता. घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

बेबी सात वर्षांची होती. खानदेशात त्या काळी घरोघरी एक बेबी असायची. त्यांच्या पुढे बेबाबाई झाल्या. कुणाची सासू, कुणाची आजी, बचतगटाची अध्यक्ष. ही बेबीच राहिली.

तेव्हा ते पाचोऱ्याकडच्या खेड्यात राहायचे. पोरीला ताप भरला. अंगारा झाला, गोळ्या झाल्या. तिसऱ्या सकाळी ती आईला ओळखेना. कोकिळाचा नवरा लोटन तिला गोधडीत गुंडाळून एका बैलाच्या गाडीने पाचोऱ्याला निघाला. समाधानचंही अंग कोमट होतं म्हणून कोकिळा घरी थांबली. उन्हं कलायच्या आत गाडी परत आली. गोधडीतलं तोंड झाकलेलं होतं.

नाल्याच्या काठी चार माणसांनी खड्डा केला. लहान लेकराला अग्नी देत नाहीत. माती ओढून माणसं घरोघर गेली. संध्याकाळ झाली. कोकिळा उंबऱ्यात बसून होती. ती बायकांची वाट बघत होती. कुणाचं काही झालं की तीही जायची, भिंतीला टेकून बसायची, काय बोलायचं ते बोलायची. आता बायका येतील असं तिला वाटत होतं. कुणी आलं नाही. भाकरीही आली नाही.

दुष्टाव्याने नव्हे. तशीच रीत होती.

"न्हाना लेकरूना दुखवटा नही धरतस," कोकिळाची सासू म्हणाली. तिचेही डोळे सुजलेले होते. "बसनं-उठनं काही नही. ऊठ. चुल्हा पेटाड. दुसरं लेकरू भुक्यं शे."

समाधान खरंच भुकेने रडत होता. कोकिळा उठली. घरात उडदाची डाळ होती, लसूण होता. ज्या चुलीपुढे पोरगी पहाटे शेकत बसायची, ती चूल तिने पेटवली. हात आपापलं काम करत राहिले. डाळ शिजली, फोडणी बसली. सवयीने तिने पळीतला एक थेंब तळहातावर घेतला आणि चाखला.

डाळ चांगली झाली होती.

मीठ बरोबर होतं. लसूण जसा उतरायला हवा तसा उतरला होता. तिला भूक लागली. आपल्याला भूक लागली आहे हे तिला कळलं, आणि हाताने आपण होऊन दुसरा थेंब घेतला.

पुढची सगळी वर्षं तिने त्या दुसऱ्या थेंबाबरोबर काढली. पहिला सवयीचा होता. दुसरा तिचा होता.

त्यानंतर ते जळगावला आले. लोटन डाळ मिलमध्ये पोती उचलू लागला, कोकिळा डाळ निवडू लागली. गल्लीत पहिलं मरण झालं तेव्हा त्या घरची बाई उंबऱ्यात बसलेली तिला दिसली. कोकिळा घरात वळली आणि डाळ काढली. त्या बाईने चुलीकडे बघायची वेळ येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. डाळ उकळू लागली तेव्हा पाठीमागे स्वयंपाकघराच्या दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं तिला वाटलं. लहान. चौकटीला धरून. तिने वळून बघितलं नाही. ती कधीच वळली नाही. दर मरणाला ती डाळ करायची, दर वेळी ते मागे यायचं, आणि डाळ उतरवली की जायचं.

हेही एक कारण होतंच. पण ते कोकिळाने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

*

यंदा दिवाळीनंतर शीतलला ताप आला. समाधान आणि भाविकाची मुलगी. सात वर्षांची.

ताप चांगलाच होता. दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाईन लागलं. मग उतरला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता फक्त खाल्लं पाहिजे, काहीही खाऊ द्या. पण पोरगी खाईना. खिचडी नको, पेज नको. समाधानने नूडल्स आणल्या, त्याही नको. ओठांना चमचा लागला की तोंड फिरवायची. मनगटं काडीसारखी झाली होती. हसली तर दातच दिसायचे.

अक्का तिच्या उशाशी बसून राहायची. तिची नजर पोरीवर असायची, पण मधेच ती अशी काही बघायची की भाविकाला वाटायचं, आई शीतलकडे बघतच नाहीत.

एका सकाळी शीतल म्हणाली, "आजी, ती डाळ कर ना."

"कोनती माय?"

"ती गं. सगळ्यांना नेऊन देतेस ती. मला कधीच देत नाहीस. वास किती मस्त येतो."

भाविकाच्या हातातली वाटी खाली आदळली. "शीतल! काहीही बोलू नकोस."

अक्का उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. ती डाळ घरात, घरच्या माणसासाठी? आणि या पोरीसाठी, या वयात? तिच्या मनाने घेतलं होतं की ती डाळ मरणाच्या मागे मागे जाते. ती पुढे झाली तर मरण मागून येईल. असं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण सबंध गल्ली तसंच मानत होती, आणि गल्लीने ते तिच्याकडे बघूनच शिकलं होतं.

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी समाधान पहिल्या पाळीला पाइपच्या कंपनीत गेला, लोटन मिलच्या गेटवर. आता त्याच्याने पोती उचलवत नव्हती, म्हणून मालकाने दिवसपाळीचा वॉचमन केलं होतं. भाविका शीतलचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता पोरीची मान एका बाजूला कलली. डोळे उघडे होते, पण मान धरवत नव्हती. भाविकाने तिला हळूच आडवं केलं आणि ती ओट्यावर आली.

"आई, करा ती डाळ."

अक्काने मान हलवली. नाही.

"आई, ऐका. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही धुळ्याला आलात. एस.टी.त मांडीवर पातेलं घेऊन. आठवतं?"

"हा."

"तुम्ही मला वाढलंत. मी खाल्लं, आणि अजून मागितलं." भाविकाचा आवाज बदलला. "बाप तिकडे जळत होता, आणि मी अजून मागितलं. त्याची मला इतकी लाज वाटते, आई, की मी यांनासुद्धा सांगितलं नाही. पण ते खाल्लं नसतं तर त्या दिवशी मी उठले नसते. मला माहीत आहे. आता ती मागतेय. द्या तिला."

अक्का सुनेकडे बघत राहिली. कुणीतरी आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला सांगावी तसं तिचं तोंड झालं होतं.

मग ती उठली.

*

डाळ शिजत होती. गॅसवर लसणाचा गड्डा काळा होत होता. पाट्यावर वरवंटा फिरत होता. आज कुणी रडत नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज फार मोठा वाटत होता. अक्काने फोडणी दिली. डाळीला उकळी आली.

आणि ते मागे येऊन उभं राहिलं.

चौकटीशी. लहान. श्वास ऐकू येत होता. आजवर कधी श्वास ऐकू आला नव्हता. तिने पळी घट्ट धरली. वळायचं नाही.

"झाली का?"

अक्का वळली नाही.

"आजी, झाली का गं?"

शीतल होती. भिंतीला धरून स्वतःच्या पायांनी चालत आली होती. चौकटीला टेकून उभी होती, फ्रॉक खांद्यावरून घसरला होता. अक्काने तिला उचलून कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, पण वजन कसलं ते नव्हतंच. तिथेच खाली बसून तिने भाकरी कुस्करली, वर डाळ ओतली आणि पहिला घास पोरीच्या तोंडाशी नेला. त्या क्षणी तिने डोळे मिटून घेतले होते.

"तिखट आहे," शीतल म्हणाली. आणि तोंड पुन्हा उघडलं.

तिचं नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, आणि ती खात होती. भाविका दारात तोंडावर पदर धरून उभी होती. वाटी अर्धी झाली तेव्हा बाहेर चपला वाजल्या.

आधी काठीचा आवाज आला. उखर्डू नाना. ते धापा टाकत ओट्यावर चढले आणि खांबाला धरून उभे राहिले.

"कोन गयं?"

भाविका बाहेर आली. "कुणी नाही, नाना."

"मंग ठीक." नाना खाली बसले. "वास उना तं माले वाटनं, मीच गवू. नातसूनले हाक मारी, तिनी ओ बी दिन्ही नही. मी म्हनं, खरंच गवू वाटस."

भाविकाला हसू आलं. ते पुरतं यायच्या आत पंडितची रिक्षा दारात थांबली. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता. त्याच्या मागून समोरच्या घरातल्या चमेलीबाई आल्या. नंतर तिघी, नंतर पाच-सहा जणी. त्यांच्या घरचे पुरुष ओट्यावरच थांबले. सगळ्यांचे पदर डोक्यावर. कुणी काही विचारलं नाही. दुःखाच्या घरी तसं दारातून विचारत नाहीत. बायका खाली माना घालून घरात शिरल्या आणि भिंतीला टेकून ओळीने बसल्या. चमेलीबाईंनी तर हळू आवाजात रडायलाही सुरुवात केली. कोण गेलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण कुणी तरी गेलंच असणार.

"अहो, कुणी गेलं नाही," भाविका पंडितला सांगत होती. "शीतलसाठी केली होती डाळ."

"वहिनी, धीर धरा," पंडित म्हणाला. त्याने आत डोकावून घरातली माणसं नजरेने मोजली. अक्का होती, पोरगी होती. समाधान आणि लोटन नव्हते. त्याने आवाज खाली आणला. "लोटनकाका?"

"ते कामावर आहेत!"

"कामावर असताना झालं का..."

"पंडितभाऊ!"

तेवढ्यात भाविकाचा फोन वाजला. समाधान होता. कंपनीतून, धावत बोलत होता. गल्लीच्या ग्रुपवर पंडितने टाकलं होतं, 'गल्लीत दुःखद घटना घडली आहे. नाव लवकरच कळवतो.' त्याखाली वीस-बावीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहूनही झाली होती.

"कोण गेलं, भाविका? खरं सांग. शीतल..."

"शीतल जेवतेय," भाविका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ते बघून ओट्यावरच्या सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या.

आतून अक्का उठली. शीतल वाटी चाटत होती. अक्काच्या हातात अजून पळी होती. बाहेरच्या खोलीच्या दारात ती आली आणि थांबली. खोलीभर बायका बसल्या होत्या. भिंतीला टेकून, पदर घेऊन, माना खाली घालून. तिला बघून सगळ्यांनी माना वर केल्या. या दृश्याची तिने एका संध्याकाळी उंबऱ्यात बसून वाट बघितली होती. अंधार पडेपर्यंत.

चमेलीबाईंनी डोळे पुसले. "अक्का माय, कोन गयं वं?"

कुणी नाही, एवढं म्हणायचं होतं. तिने तोंडही उघडलं त्यासाठीच.

"मन्ही बेबी गयी," अक्का म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बेबी कोण, ते कुणाला माहीत नव्हतं. गल्लीला अक्काचा एकच मुलगा ठाऊक होता.

"कवय?" चमेलीबाईंनी विचारलं.

"समाधान तीन वरीसना व्हता तवय."

दारातला पंडित काही तरी बोलणार होता. नानांनी त्याच्या पायावर काठी ठेवली.

एवढ्या जुन्या गोष्टीला आता काय बसायचं, असं एखादी म्हणू शकली असती. सकाळची वेळ होती, घरोघर कामं पडली होती. पण दुःखाच्या घरी डोक्यावर पदर घेऊन आलेली बाई टेकून लगेच उठत नाही. कुणी उठलं नाही. चमेलीबाई सरकत पुढे आल्या. त्यांनी अक्काच्या हातातली पळी काढून घेतली, तिला दंडाला धरून मधे बसवलं, तिच्या डोक्यावर पदर ओढला. मग आपल्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "आतला गॅस बंद कर. या घरात आज काही करू देऊ नको. जा, भाकरी टाक."

आणि अक्काकडे वळून त्यांनी विचारलं, जे प्रत्येक दुःखाच्या घरात विचारतात, जे अक्काने शंभर घरांत विचारलं होतं आणि जे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"कसं व्हयनं, अक्का?"

अक्का सांगू लागली. आधी नुसते शब्द येत होते. ताप. अंगारा. गोळ्या. गोधडी. ते संपले की ती थांबायची. मग दारातून आणखी कुणी यायचं, बसायचं, विचारायचं, आणि ती पहिल्यापासून सांगायची. सासूने चूल पेटवायला लावली तेही सांगितलं. डाळ चाखली तेही सांगितलं. "चांगली व्हयेल व्हती," ती म्हणाली, "मी आखो एक थेंब लिन्हा." आणि ती रडली. ज्या बायकांनी आपापल्या घरच्या मरणाला ती डाळ मागून मागून खाल्ली होती, त्या सगळ्या तिच्याबरोबर रडल्या.

शीतल वाटी घेऊन आईच्या कुशीत येऊन बसली होती. "आई, बेबी कोण?"

"आत्या तुझी," भाविका म्हणाली.

*

लोटनला मिलच्या गेटवर कुणीतरी सांगितलं, तुमच्या घरी गर्दी आहे. तो सायकल न घेताच निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याला लसणाचा वास आला. पुढे दारातल्या चपला दिसल्या. आजवर त्या घरातून डाळ बाहेर जायची. दारात चपला कधी नसायच्या. तो तिथेच भिंतीला टेकला. पंडितने धावत जाऊन त्याला धरलं.

"काका, अक्का ठीक आहेत. शीतल ठीक आहे. सगळे ठीक आहेत."

"मंग?"

पंडितला ते नाव आपल्या तोंडाने कसं घ्यावं कळेना. "बेबी," तो म्हणाला.

लोटन त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, ती दोन्ही हातांत धरली आणि ओट्याकडे चालत आला. पुरुषांनी सरकून जागा केली. तो बसला. कुणी तंबाखू काढली नाही, कुणी फोन बघितला नाही.

"कसं व्हयनं, लोटनभाऊ?" नानांनी विचारलं.

आत अक्का बोलता बोलता थांबली. दोन्ही दारं उघडी होती. लोटन काय सांगतो ते तिलाही ठाऊक नव्हतं. तो गोधडी घेऊन परत आला होता, एवढंच तिला ठाऊक होतं. मधल्या रस्त्याबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"तापमा व्हती," लोटन म्हणाला. "काही बोले नही. नदीपर्यंत एक शबुद नही. नदीजोडे तिनी डोया उघडात. माले वयखं. तिनी म्हनं, दादा, बैलले तीस लागनी."

तो थांबला. टोपीची घडी घालू लागला.

"मी म्हनं, ऱ्हाऊ दे माय, आपुले घाई शे. तिनी परत म्हनं. त्याले पानी पाज. त्या बैलवर तिन्हा भलता जीव. मी गाडी थांबाडी. बैल सोडा. त्यानी पानी पिदं. बराच येळ पिदं. मी उभा. गाडी जुपी, मांगे दखं..." त्याने टोपीची घडी उलगडली. मग तो म्हणाला, "थांबतू नही तं पोची जातू. पाचोरं समोर दिखाये."

ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. पोरगी घेऊन घरी आल्यावर आधी बैल सोडला, त्याला गव्हाणीला बांधलं आणि पुढच्याच बाजारात विकून टाकला. का विकला, ते कोकिळाने विचारलं नव्हतं.

आतून बांगड्या वाजल्या. बायकांमधून वाट काढत अक्का उठली होती. ती दाराशी आली. पुरुषांत अशी ती कधी येत नसे. चौकटीला धरून ती उभी राहिली, आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघत तिने विचारलं,

"पाजं ना पानी त्याले? पोटभर?"

लोटनने वळून बघितलं. "पाजं."

"तिनी दखं?"

लोटनने आठवून बघितलं. इतकी वर्षं त्याने त्या नदीकाठचं सगळं आठवलं होतं, हे मात्र कधी आठवलं नव्हतं. गाडीच्या कडेवर टेकवलेली हनुवटी. बैलाकडे लागलेले डोळे.

"हा," तो म्हणाला. "दखं तिनी."

"मंग बरं केलं तुम्ही," अक्का म्हणाली.